वाचल्याविना निवाडा

कायद्याच्या क्षेत्रातील विद्यापीठीय संशोधनाचा दर्जा ठरविण्याचे काम माणसांच्या मर्जीवर न सोडता आकड्यांच्या हवाली करावे, असे एक मत गेल्या दीड दशकात आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याला मत म्हणण्यापेक्षा शिरस्ता म्हणणेच अधिक यथार्थ ठरेल. संशोधकाचे निबंध किती, ते कोणत्या यादीतील नियतकालिकांत छापले गेले, इतरांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला, आणि संगणकाने तपासले असता त्यांतील मजकूर अन्यत्रच्या मजकुराशी किती टक्के जुळला, ह्या चार प्रश्नांची उत्तरे एका तक्त्यात भरली की संशोधनाची किंमत ठरली, असे ह्या मताचे पुरस्कर्ते मानतात. आणि निबंध उघडून वाचण्याची आवश्यकता त्यांच्या पद्धतीत कोठेच उत्पन्न होत नाही, हा तिचा दोष नसून गुण आहे, असेही ते आग्रहाने सांगतात. ह्या मताचा प्रतिवाद करणे मला कर्तव्य वाटते. कायद्याविषयीचे लेखन जमिनीच्या ताब्याशी, स्त्रीच्या वारशाशी, कुळाच्या हक्काशी आणि आरोपीच्या स्वातंत्र्याशी निगडित असते. ते चुकले तर त्याची झळ लिहिणाऱ्याला लागत नाही, ज्याने ते लेखन कधी पाहिलेलेही नसते अशा माणसाला लागते. भोर तालुक्यातल्या उत्रोलीसारख्या गावी, जेथे एकेका शेताच्या कागदांत तीन-तीन राजवटींचे कायदे एकमेकांत गुंतलेले आहेत, ही गोष्ट विद्यापीठाच्या सभागृहातल्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे प्रथम मांडले पाहिजे. ते असे की, आकडे येण्यापूर्वी आपल्या विद्यापीठांत जे चालत असे त्याला वाचन म्हणता येणार नाही. निवड समितीवर कोण बसले आहे, उमेदवार कोणाचा शिष्य, कोणत्या जातीचा आणि कोणत्या गटाचा, ह्यांवर नेमणुका होत. विद्वत्तेचा निर्वाळा दोन वडीलधाऱ्यांच्या तोंडी शब्दावर मिळे. आणि ज्या होतकरू अध्यापकाच्या पाठीशी कोणी नसे त्याचा प्रबंध कितीही परिश्रमाने लिहिलेला असला तरी तो कपाटात राही. अशा माणसाच्या हाती आकड्याने प्रथमच एक साधन दिले, ज्याच्या बळावर तो समितीपुढे उभा राहून आपला हिशेब मागू शकला. ही तक्रार खरी आहे, आणि जुन्या पद्धतीची भलामण करण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. परंतु पक्षपात होत होता एवढ्यावरून आकडा निःपक्षपाती ठरतो, असे मात्र अनुमान निघत नाही. पक्षपात वाचण्यामुळे होत नव्हता. वाचले गेले की नाही हे कोणालाच दाखवावे लागत नव्हते, म्हणून होत होता. आकड्याने ती जबाबदारी निर्माण केली नाही, उलट तिच्यातून सर्वांना कायमचे मुक्त केले.

ह्याचा परिणाम काय झाला ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि प्रत्येक शोधनिबंधाला ठरावीक गुण लावले. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक निबंध छापून आणण्याची सक्ती केली. छापून आणणे हीच अट झाल्यावर छापून देणारे निपजले. पैसे घेऊन चार-आठ दिवसांत निबंध प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले, आणि त्यांतली शेकडो आयोगाच्या मान्य यादीतही जाऊन बसली. मे २०१८ मध्ये आयोगाला त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये जे परीक्षण प्रसिद्ध केले, त्यात विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांच्या तपासलेल्या नमुन्यापैकी सुमारे ८८ टक्के नियतकालिके अगदी प्राथमिक निकषांनाही उतरली नाहीत. पुढे २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' नावाची नवी यादी सिद्ध झाली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठीची छपाईची सक्ती काढून टाकली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती केअर यादीही आयोगाने बंद करून पारख करण्याची जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर टाकली. ह्या पंधरा वर्षांत एखाद्या अध्यापकाच्या निबंधातला एक शब्दही बदलला नसेल, पण त्या निबंधाची अधिकृत किंमत दोन-तीनदा बदलली. जी वस्तू बदलली नाही तिचे माप जर बदलत असेल, तर माप त्या वस्तूचे घेतले जात नव्हते, हे उघड आहे. येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल: त्या यादीतला खोटेपणा जो बाहेर आला तो पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियतकालिके प्रत्यक्ष तपासून पाहिली म्हणून आला. संख्येवर उभारलेल्या व्यवस्थेची फसवणूक शेवटी वाचणाऱ्यांनीच पकडली.

शब्दसाम्याच्या टक्क्यांचे प्रकरण तर कायद्याच्या बाबतीत विशेष घातक आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आणि त्यापुढे चढत्या क्रमाने शिक्षा, अशी व्यवस्था झाली. श्रेयनिर्देश करून घेतलेली अवतरणे हिशेबातून वगळण्याची मुभा नियमांत आहे, हे मला मान्य आहे. तथापि व्यवहारात विद्यार्थी यंत्राचा आकडा पाहून घाबरतो, मार्गदर्शक त्याला तो खाली आणण्यास सांगतो, आणि मग कलमाचे व न्यायनिर्णयाचे शब्द बदलून लिहिण्यास आरंभ होतो. साहित्यात एका शब्दाऐवजी त्याचा पर्याय आला तर फार तर रसहानी होते. कायद्यात 'करील' ह्या जागी 'करू शकेल' आले तर अधिकाऱ्याचे कर्तव्य नाहीसे होऊन त्याची मर्जी शिल्लक राहते. 'आणि' च्या जागी 'किंवा' पडले तर दोन अटींची एक होते. कायद्याच्या अभ्यासकाने मूळ शब्द जसाच्या तसा, त्याच्या कलमासह आणि दुरुस्तीच्या सालासह उतरवावा, हा ह्या शास्त्राचा पहिला आचारधर्म; आणि त्याच आचारधर्माला संशयास्पद ठरविणारे यंत्र आपण त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी म्हणून बसवले आहे. शब्दसाम्य शून्य असलेला निबंध संपूर्णपणे चुकीचा असू शकतो, आणि तसा असल्याचे यंत्र कधीही सांगणार नाही.

मग चूक असते कोठे, आणि ती दिसते कशी? उदाहरणादाखल वतनांच्या निर्मूलनावरचा एखादा निबंध घेऊ; असे निबंध आपल्याकडे पुष्कळ लिहिले जातात. त्यात बहुधा असे असते की १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्याने वतनांचे नियमन केले, स्वातंत्र्यानंतर राज्याने ती रद्द केली, आणि जमिनी शेतसारा आकारून पूर्वीच्या वतनदारांना परत दिल्या. वाक्ये शुद्ध, तळटिपा यथास्थित, नियतकालिक यादीतले. पण हा निबंध हाती घेऊन उत्रोलीच्या शिवारात उभे राहिले की पहिलाच प्रश्न असा येतो की १८७४ चा तो कायदा येथे लागू कसा झाला? हा मुलूख तर ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. आंबाडखिंड ओलांडून मांढरदेवीच्या डोंगरापलीकडे गेले की वाई तालुका लागे, आणि तेथे इंग्रजी अंमल होता. डोंगराच्या अलीकडे संस्थानचा. एका दिवसाच्या चालीत दोन कायदे होते. संस्थानाने मुंबईचा कायदा आपल्या हद्दीत आपल्या हुकमाने लागू केला होता काय, केला असेल तर केव्हा व कोणत्या फेरफारांसह, आणि नसेल तर वतनाचे तंटे कोणत्या आधारावर तुटत, हे दाखविल्याशिवाय 'महाराष्ट्रातील वतने' असे शीर्षक देण्याचा अधिकार लेखकाला पोहोचत नाही.

त्यापुढचा प्रश्न याहून निकडीचा आहे. विलीनीकरणानंतर एकामागून एक कायदे आले: परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा १९५० चा, विलीन प्रदेशांतील जहागिरी रद्द करणारा १९५३ चा, त्याच प्रदेशांतील संकीर्ण इनामांसंबंधीचा १९५५ चा, कनिष्ठ ग्रामवतनांसंबंधीचा १९५८ चा आणि पाटीलकी रद्द करणारा १९६२ चा. गावच्या सातबाऱ्यावर जेथे भोगवटादार वर्ग दोन असे लिहिलेले असते आणि इतर हक्कांच्या रकान्यात 'नवीन अविभाज्य शर्त' असा शेरा असतो, तेथे तो शेरा यांपैकी कोणत्या कायद्याखाली झालेल्या पुनःप्रदानामुळे आला हे जुना फेरफार काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि ते कळले नाही तर विक्रीस जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते की नाही, नजराणा किती व कशावर, परवानगीविना झालेले खरेदीखत टिकते की नाही, ह्यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पाचही कायद्यांना 'वतन निर्मूलन कायदे' असे एकच नाव देऊन पुढे जाणारा निबंध कितीही वेळा उद्धृत झाला असला तरी तो वाईट संशोधन आहे. आणि पाच कायद्यांचे हे पाच रस्ते वेगळे करून, एका तालुक्यापुरते का होईना, फेरफारांच्या आधारे दाखवून देणारा निबंध कोणीही उद्धृत केलेला नसला तरी तो चांगले संशोधन आहे. दोघांतला फरक तक्त्यात दिसणार नाही. तो पाहण्यासाठी निबंध वाचावा लागेल, आणि वाचणाऱ्याला विषय ठाऊक असावा लागेल.

ह्या परिसराचा निर्देश मी केवळ ममत्वाने करीत नाही. रोहिडखोऱ्याची देशमुखी ज्या जेधे आणि खोपडे ह्या घराण्यांत होती, त्यांतले खोपडे उत्रोलीचे, ज्याला जुने कागद उत्रवळी म्हणतात, आणि जेधे जवळच्याच कारीचे. १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी खंडोजी खोपडे खानाकडे गेला, कान्होजी जेधे शिवाजी महाराजांकडे राहिले. पुढे कान्होजींच्या रदबदलीने खंडोजीचा जीव वाचला, परंतु त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला, ही हकीकत महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कायद्याच्या इतिहासाचा अभ्यासक हीच हकीकत हाती घेतो तेव्हा त्याला निराळे प्रश्न पडले पाहिजेत. अभयाचे वचन कोणत्या स्वरूपाचे होते? शिक्षा राजाज्ञेने झाली, की तीत कोणाचा विचार घेतला गेला? वतनाचे काय झाले? आणि सर्वांत महत्त्वाचे, हे आपल्याला सांगते कोण? पुष्कळशी माहिती जेधे घराण्याच्या करीन्यातून येते. आणि करीना हा तटस्थ साक्षीदाराचा जबाब नसून आपल्या हक्काचा पूर्वापार इतिहास मांडणारी एका पक्षाची कैफियत असते. म्हणून ती खोटी, असे मुळीच नव्हे. कारीच्या ह्याच घराण्याच्या शकावलीने, जी लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली, शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादाला सर्वस्वी नवे वळण दिले. पण कैफियतीला कैफियत म्हणून वाचणारा आणि तिला निवाडा समजून उतरवून घेणारा, ह्या दोघांचे संशोधन एका प्रतीचे नव्हे.

ही कसोटी कोठून तरी उसनी आणण्याची गरज नाही, कारण ज्या न्यायपद्धतीचा अभ्यास करायचा तीच पद्धत ती शिकविते. मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यात वादी व प्रतिवादी दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापल्या बाजूची निवेदने, घेत. निर्णय मान्य करू असा राजीनामा आणि त्यासाठी जामीन अगोदरच लिहून घेत. गोही साक्षीसाठी उभे करीत. गोतसभेत जमलेल्या देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदारांची नावे महजरात, म्हणजे सभेच्या निर्णयपत्रात, लिहून, ज्यांना अक्षर येत नसे त्यांच्या नावापुढे निशाणी काढीत, पाटलाच्या नावापुढे नांगर, कारागिरांच्या नावांपुढे त्यांची हत्यारे. आणि हरणाऱ्याकडून आपली बाजू खोटी ठरल्याचे येजितखत घेत. स्थानिक गोत एका पक्षाला अनुकूल आहे अशी शंका असेल तर परस्थळी, म्हणजे तटस्थ ठिकाणी, तंटा नेण्याची मागणी करता येई. ह्या व्यवस्थेत अन्याय झाले नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. बलिष्ठ पक्षाला अनुकूल असे महजर झाले, राजवट बदलताच तेच तंटे पुन्हा उभे राहिले, आणि ज्या स्त्रियांचे व अस्पृश्यांचे हक्क त्या निर्णयांत गुंतलेले होते त्यांना बोलण्याचा अवसर क्वचितच मिळाला. परंतु निर्णय कोणी दिला, कोणाचे ऐकून दिला आणि कशाच्या आधारे दिला, हे कागदावर राहिले. म्हणून तीन शतकांनंतरही आपण तो तपासू शकतो.

तो तपासण्याचे काम वि. त्र्यं. गुणे ह्यांनी केले. मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला; १६०० ते १८१८ ह्या कालखंडातील महजर, निवाडपत्रे आणि सरकारी हुकूम हे त्याचे प्रत्यक्ष अधिष्ठान होते. हा ग्रंथ चांगला का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर त्याच्या प्रसिद्धीवर किंवा त्याचा हवाला देणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यांनी मराठ्यांच्या न्यायाविषयी जे सर्वसाधारण अभिप्राय नोंदवून ठेवले होते आणि जे पुढचे लेखक एकमेकांचे पाहून उतरवीत आले होते, त्यांच्याकडे न जाता हा लेखक मूळ मोडी कागदाकडे गेला; कोणता निष्कर्ष कोणत्या कागदावर उभा आहे हे त्याने सांगितले; आणि त्यामुळे त्याच्याशी असहमत होणाऱ्यालाही तोच कागद उघडून असहमत होता येते. संशोधनाचा लेखक स्वतःच्या पराभवाची सोय करून ठेवतो की नाही, हा मी सर्वांत वरचा निकष मानतो.

पांडुरंग वामन काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाबद्दलही मी हेच म्हणेन. १९३० मध्ये पहिला आणि १९६२ मध्ये शेवटचा खंड, अशी बत्तीस वर्षे हे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे प्रसिद्ध होत राहिले; पानांची संख्या साडेसहा हजारांवर गेली; १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. ह्या गोष्टी गौरवाच्या आहेत, परंतु त्यांतली एकही ग्रंथाच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे. पुरावा तळाशी आहे: काणे जे विधान करतात त्याचे मूळ संस्कृत वचन ते पानाच्या तळाशी देतात, त्याच्या विरुद्ध जाणारे वचनही देतात, आणि दोहोंत आपण एक का पत्करले ते सांगतात. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादनाखाली १९३७ पासून धर्मकोशाचे व्यवहारकांड निघू लागले, तेव्हा एकेका विवादविषयावरची वचने व त्यांवरच्या टीका एके ठिकाणी लावण्याचे ते कार्य तर असे होते की त्यात संपादकाच्या मताला जागाच थोडी. तरी हिंदू कायद्याच्या गंभीर अभ्यासकाला त्यावाचून गत्यंतर नाही. आजच्या गुणतक्त्यात संहितेच्या अशा संपादनाला एखाद्या ग्रंथाच्या एका ओळीहून अधिक स्थान नाही, आणि त्याचा परिणाम एवढाच होतो की असे काम आता कोणी अंगावर घेत नाही.

न्यायालयाने हवाला दिला म्हणजे संशोधन उच्च दर्जाचे, असे वकीलमंडळींत पुष्कळांना वाटते. तेही मत तपासून घेतले पाहिजे. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांना, कायदा नसेल तेथे, देशाचा रिवाज पाहण्यास सांगितले. आणि त्याच वर्षी आर्थर स्टील ह्यांचे दख्खनच्या जातींच्या कायद्याचे व रूढींचे संकलन सिद्ध झाले, जे १८६८ मध्ये पुन्हा छापले गेले. शास्त्री आणि जातींचे प्रमुख ह्यांना विचारून मिळविलेली ती माहिती. तिचे मोल मोठे आहे. परंतु जातीच्या प्रमुखाने 'आमच्यात असे चालते' म्हणून सांगितलेली गोष्ट छापली गेली की ती पुढच्या खटल्यात पुरावा होते, आणि त्या जातीतल्या विधवेला विचारले असते तर ती काय म्हणाली असती हा प्रश्न तेथेच मिटतो. न्यायाधीशापुढे आजचा तंटा असतो, त्याला आज निर्णय द्यावयाचा असतो, आणि हाताशी असलेले पुस्तक तो घेतो. त्याने ते घेतले ह्यावरून ते सोयीचे होते एवढेच सिद्ध होते.

ह्याच्या उलट टोकाला, कलमे आणि निर्णय वाचणे म्हणजे संशोधनच नव्हे, गावोगाव फिरून माहिती गोळा केली तरच ते संशोधन, असे म्हणणारा एक वर्ग अलीकडे वाढत आहे. ह्या वर्गाला मी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेला, वि. म. दांडेकर आणि खुदनपूर ह्यांचा १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या अंमलबजावणीवरचा अहवाल पुन्हा वाचण्याची विनंती करीन. कायद्याने कुळाला संरक्षण दिले होते. ह्या दोघांनी गावांतील नोंदी व वस्तुस्थिती पडताळून असे दाखविले की जमिनी मालकांकडे परत जात होत्या, कुळे आपले हक्क 'स्वखुशीने' सोडीत असल्याचे कागद होत होते, आणि जमिनीचे व्यवहार बहुतांशी कायदा नसल्यासारखेच चालू होते. ही मोजणी इतकी मोलाची ठरली, कारण मोजणाऱ्यांनी आधी कलम बारकाईने वाचले होते. कोणता हक्कत्याग कायद्याने ग्राह्य आणि कोणता नाही हे ठाऊक असल्याशिवाय त्यांना संशय कशाचा घ्यावा हेच कळले नसते. पुढे १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की मामलेदाराने विहित रीतीने पडताळणी न केलेला कुळाचा हक्कत्याग निरर्थक आहे. अहवालाचे शेत आणि निर्णयाचे कलम ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. पाहणी हवी, पण प्रश्नावली घेऊन शंभर माणसांना 'आपणांस ह्या कायद्याची माहिती आहे काय' असे विचारून टक्केवारी काढणे ही पाहणी नव्हे, आणि दुर्दैवाने कायद्याच्या पीएच.डी. प्रबंधांत आज तिचाच सुकाळ आहे.

हवाल्यांच्या संख्येविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. नियतकालिकाचा प्रभावांक निघाला तो ग्रंथालयांनी व सूचिकारांनी नियतकालिके निवडावीत म्हणून. तो माणसांना लावणे मूळ हेतूशी विसंगत आहे, आणि विज्ञानक्षेत्रातल्याच धुरीणांनी २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात तसे बजावले आहे. अमेरिकेत, जेथून कायद्याच्या हवाल्यांचा मोठा भाग मोजला जातो, तेथील अग्रगण्य विधिनियतकालिके १८८७ मध्ये निघालेल्या हार्वर्डच्या पत्रापासून आजवर विद्यार्थीच संपादित करीत आले आहेत; म्हणजे ज्या निवडीवर हे हवाले उभे राहतात ती तज्ज्ञांची असतेच असे नाही. शिवाय ह्या सूच्या प्रामुख्याने इंग्रजी पाहतात. ज्या राज्यात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, फिर्याद, कैफियत, जबाब व पुष्कळसे निकाल मराठीत लिहिले जातात, त्या राज्यातल्या न्यायाचा अभ्यास मराठीत प्रसिद्ध झाला तर त्याची किंमत शून्य धरणारे कोष्टक आपण कोणत्या तत्त्वाने मान्य करतो, ह्याचे उत्तर त्याच्या पुरस्कर्त्यांनी द्यावे.

आता उरला तो माझ्याच बाजूचा समजला जाणारा एक पक्ष, आणि त्याचाही निषेध करणे मला आवश्यक वाटते. गुणवत्ता ही मोजता येत नाही, ती जाणत्याला आपोआप उमगते, तिचे स्पष्टीकरण मागू नये, असे काही ज्येष्ठ अध्यापक सांगतात. ह्याच वृत्तीने आकड्यांना दार उघडून दिले. ज्याला निबंध चांगला का हे चार परिच्छेदांत लिहून देता येत नाही, त्याला तो चांगला आहे हे कळले आहे असे मानण्यास मी तयार नाही. लेखकाने कोणता प्रश्न विचारला; त्याच्याविरुद्ध जाणारा सर्वांत बलवान निर्णय किंवा कागद त्याने समोर घेतला की टाळला; कायदा ज्या दिवशीचा, ज्या हद्दीतला म्हणून सांगितला तो खरोखर तेव्हा तेथे लागू होता काय; आणि निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे गेला आहे काय, ह्या प्रश्नांची कारणांसह लेखी उत्तरे देता येतात. ती देणारा पक्षपाती असू शकेल. पण त्याचा पक्षपात कागदावर राहील, आणि दुसऱ्याला तो दाखवून देता येईल. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाची ठरावीक काळाने जी राष्ट्रीय पारख होते, तीत मौलिकता, महत्त्व आणि काटेकोरपणा ह्या निकषांवर तज्ज्ञमंडळ कायद्याचे लेखन प्रत्यक्ष वाचते. त्या पद्धतीवरही पुष्कळ आक्षेप आहेत. परंतु वाचणे अशक्य आहे, ही सबब तिने कायमची निकालात काढली आहे.

वेळ कोठून आणावा, असे विचारले जाईल. नेमणुकीसाठी किंवा बढतीसाठी अध्यापकाकडून तीस निबंधांची यादी मागण्याऐवजी त्याने स्वतः निवडलेले तीन मागावेत. तीन वाचण्यास जो वेळ लागेल तो तीस मोजण्यात, पडताळण्यात आणि त्यांवरच्या तक्रारी ऐकण्यात जाणाऱ्या वेळेहून अधिक नसेल. वाचणारे त्या विद्यापीठाबाहेरचे असावेत. परस्थळाचे तत्त्व आपल्या पूर्वजांना कळले होते, ते आपल्याला अवघड वाटू नये. त्यांनी आपला अभिप्राय कारणांसह, नावानिशी लिहावा, आणि लेखकाला त्यावर आपली तकरीर देण्याचा हक्क असावा. पीएच.डी.च्या बाबतीत तर नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, ते अहवाल लिहितात, आणि मान्य झालेला प्रबंध शोधगंगेच्या भांडारात सर्वांना खुला होतो. बंद राहतो तो फक्त परीक्षकांचा अहवाल, म्हणजे ज्यावरून प्रबंध वाचला गेला की नाही हे कळेल तो एकमेव कागद. प्रबंधाबरोबर तो अहवाल आणि मौखिक परीक्षेत विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे प्रसिद्ध करण्याचा ठराव कोणत्याही विद्यापीठाच्या विद्यापरिषदेला करता येईल. महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांच्या अध्यापकांना, आणि विशेषतः ज्यांचा प्रबंध आज परीक्षकाच्या मेजावर पडून आहे त्या संशोधक विद्यार्थ्यांना, माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या विद्यापरिषदेकडे ह्या ठरावाची लेखी मागणी करावी, आणि तो होईपर्यंत स्वतःच्या प्रबंधावरचा अहवाल मागून घेऊन तो आपल्या प्रबंधाच्या शेवटी छापावा.